नदीकडची भिंत

पाताळगंगेच्या काठावरची पुठ्ठ्याची मिल बंद पडली तेव्हा अंतरा शाळेत होती. पुढे ती आर्किटेक्ट झाली आणि फिरत फिरत तीच मिल तिच्या हातात आली. कर्जतचे जुने वकील दत्तोपंत यांनी दोन डॉक्टर आणि तीन-चार कारखानदार जमवून एक संस्था काढली होती. मिलची जागा लांब मुदतीच्या भाड्यानं घेतली होती. इथे चित्रं लागावीत, नाटकं व्हावीत, खालापूर-कर्जतच्या माणसाला असलं काही बघायला मुंबई गाठावी लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. काम कुणाला द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा दत्तोपंतांनी मुंबईची मोठी नावं बाजूला सारली आणि गावच्या मुलीला बोलावलं.

त्या दिवशी अंतराच्या आईने, प्रमोदिनीने, आळीभर पेढे वाटले. मुलीचं कौतुक होतंच, पण तिचा जीव गुंतला होता तो मिलमधल्या एका भिंतीत.

मशीन हॉलची ती नदीकडची भिंत. अंतराने लॅपटॉपवर दाखवली होती. खिडकी नाही, दार नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती सपाट. "इथे एक मोठं चित्र हवं, आई. आत आलेल्या माणसाने आधी तेच बघायला हवं," अंतरा म्हणाली होती. ते कोण काढणार, हे प्रमोदिनीने विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात?

मुंबईच्या कला महाविद्यालयात असताना तिच्या चित्रांना बक्षिसं मिळाली होती. तिचे एक सर तर म्हणाले होते की ही मुलगी मोठ्या कामासाठी जन्मली आहे. मग लग्न झालं. नवरा मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत. तिथल्या क्वार्टरमध्ये मोठं काम कुठे करणार? तिने काचेवर गणपती रंगवले, कॉलनीतल्या हळदीकुंकवांच्या रांगोळ्या काढल्या. पुढे कर्जतला घर घेतलं आणि ती शाळेत चित्रकला शिकवायला लागली. टेबलावर कळशी, कळशीशेजारी वांगं, मागे पडदा, आणि समोर पोरांची रांग. यातच डोक्याचे केस पिकले. नवरा गेला. तेव्हा अंतरा मुंबईतली नोकरी सोडून घरी आली. "माझ्यासाठी आली हो," असं प्रमोदिनी सगळ्यांना सांगायची. अंतरा म्हणायची, "काम मिळालं म्हणून आले." खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं.

तर भिंतीची बातमी कळल्यापासून प्रमोदिनी दुपारी दार लोटून घेऊन कागदावर रेखाटनं करत होती. घाट, घाटावरच्या बायका, मागे माथेरानचा डोंगर. अंतराची चाहूल लागली की कागद गादीखाली जायचे. मुलीने विचारलं की आधी जरा आढेवेढे घ्यायचे, वयाचं कारण सांगायचं, आणि मग हो म्हणायचं, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी अंतरा थालीपिठाचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "नदीकडच्या भिंतीचं नक्की झालं, आई."

प्रमोदिनीने गॅस बारीक केला.

"आवडीताई करणार आहेत."

"कोण आवडी?"

"कशेळ्याच्या पुढे वाडी आहे ना, तिथल्या. लग्नाच्या घरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. आपल्याकडे एका रिसॉर्टवाल्याने त्यांच्याकडून भिंत रंगवून घेतली होती, ती पाहिली मी. काय हात आहे, आई. तू बघच."

"बरं झालं," प्रमोदिनी म्हणाली. "स्थानिक माणसाला संधी मिळाली."

बोलणं अगदी व्यवस्थित जमलं. तव्यावरचं थालीपीठ मात्र करपलं, आणि करपल्याचं अंतराने सांगेपर्यंत तिला कळलं नाही.

आठवडाभर तिने स्वतःला आवरलं. मग एक दिवस अंतरासाठी डबा घेऊन ती खालापूरच्या बसमध्ये बसली. फाट्यावर उतरून रिक्षा केली. मिलच्या आवारातलं रान कापलं होतं, धुराच्या चिमणीला आधार दिला होता, जुन्या टाक्यांमधला गाळ काढून तिथे बसायला पायऱ्या बांधल्या होत्या. हे सगळं आपल्या मुलीने केलं, हे बघून तिला बरं वाटायला हवं होतं. पण ती सरळ हॉलकडे गेली.

बांबूच्या परांचीवर एक बाई उभी होती. पंचेचाळिशीची असेल. काटक, रंगाने सावळी, पदर कमरेला खोचलेला. हातातल्या बांबूच्या काडीने ती गेरूच्या रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा ओढत होती. आधी काही आखलेलं नाही, पेन्सिलीची खूण नाही. काडी टेकली की माणूस उभा राहत होता, काडी वळली की त्याची बायको. प्रमोदिनीने आयुष्यभर पोरांना आधी चौकट आखायला शिकवलं होतं.

"अंतरा, त्या पोराला सांग गं, परांची हितून सरकव," वरून आवाज आला. "माजा हात पोचत नाय."

आपल्या मुलीला ही बाई 'गं' म्हणते. आणि मुलगी हसत पुढे होऊन स्वतःच बांबूला हात लावते.

जेवायच्या वेळी तर कहर झाला. अंतराने आईचा डबा उघडला, पोळी-भाजी बाजूला ठेवली आणि आवडीच्या फडक्यातली नाचणीची भाकरी मोडून घेतली. घरी नाचणी म्हटलं की नाक मुरडणारी ही मुलगी. वर सुकटीची चटणी. दोघी पायरीवर खांद्याला खांदा लावून जेवत होत्या, आणि अंतरा तिला विचारत होती की ही रेघ अशी का, तो पक्षी उलटा का. प्रमोदिनीला आठवेना की अंतराने आपल्याला चित्रातलं काही शेवटचं कधी विचारलं होतं.

"बाई, तुमी बी खा," आवडीने भाकरी पुढे केली.

"माझा उपवास आहे," प्रमोदिनी म्हणाली. तो कोणत्याच उपवासाचा दिवस नव्हता.

निघण्यापूर्वी तिने भिंत पुन्हा एकदा नीट पाहिली, काहीतरी खोट सापडावी म्हणून. चित्रात नदी वरच्या टोकापासून खाली उतरत होती. काठावर माणसं, नाच, लग्न, गुरं. नदी मिलपाशी पोचत होती, आणि मिलच्या खाली पाण्यात मासे होते, पोट वर करून तरंगणारे. एक-दोन नव्हेत, शेकड्यांनी.

"हे काय?" तिने विचारलं.

"मेलेली मासळी," आवडी सहज म्हणाली. "माजं म्हायेर हितं खालच्या अंगाला. मिल चालू हुती तवा पानी सोडलं की मासळी वर यायची. आमी पोरं टोपली घेऊन धावायचो. आई मारायची, खाऊ नका म्हनून."

प्रमोदिनीने मान डोलावली. तिला खोट सापडली होती.

दुसऱ्याच दिवशी ती दत्तोपंतांकडे गेली. म्हातारे झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. चहा झाला, गुडघेदुखी झाली. मग ती हळूच म्हणाली, "चित्र सुंदर होतंय हं. फक्त माझ्या मनात आलं, ते मेलेले मासे आपल्या कारखानदार मंडळींना कसे वाटतील? त्यांच्याच पैशावर उभं राहतंय ना सगळं. उद्घाटनाला येतील आणि समोर तेच दिसेल. मला काय, अंतराला त्रास नको एवढंच."

दत्तोपंतांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "कसले मासे?" त्यांनी विचारलं.

बस, एवढंच. घरी येताना तिने बाजारातून अंतराला आवडतात म्हणून अळूची पानं घेतली.

मग व्हायचं तेच झालं. संस्थेची बैठक बसली. अंतराला सांगण्यात आलं की मासे पुसा, नाहीतर चित्रच थांबवा. आवडीने निरोप ऐकला, काड्या धुतल्या, फडक्यात गुंडाळल्या, आणि "मासळी नाय पुसायची," एवढं बोलून ती कशेळ्याच्या जीपमध्ये बसून निघून गेली.

संध्याकाळी अंतरा घरी आली ती थेट स्वयंपाकघरात आईजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. किती दिवसांनी तिने आईला सगळं सांगितलं. कोण काय बोललं, ती स्वतः काय म्हणाली, आता हॉलचं काय होणार. प्रमोदिनी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. इतके महिने जे हवं होतं ते हेच होतं. मुलगी जवळ होती, तिचं डोकं मांडीवर होतं, आणि प्रमोदिनीला ते ओझ्यासारखं जड लागत होतं.

"दत्तोपंत म्हणाले, आईंना सांग ना, त्यांचा हात चांगला आहे," अंतरा डोळे पुसत म्हणाली. "काढशील तू? उद्घाटन तोंडावर आलंय. कोणीतरी भिंत भरायला हवी."

आलं शेवटी बोलावणं. पण कसं, तर दूध संपलंय, आणशील का, अशा सुरात. कोणीतरी. भरायला.

"बघते," प्रमोदिनी म्हणाली. आढेवेढे घ्यायचेच ठरले होते, पण हे ते नव्हते.

दोन दिवसांनी दुपारी दाराची कडी वाजली. दारात आवडी उभी होती.

"या," ती म्हणाली. मिलमध्ये तिने या बाईला एकदाही 'अहो' म्हटलं नव्हतं.

आवडी आत आली, खुर्चीत बसली. खोलीभर नजर फिरवली. टीव्हीच्या वर प्रमोदिनीचं एक जुनं जलरंगातलं चित्र फ्रेममध्ये होतं. सकाळचं धुकं, पळसदरीचं धरण, एक होडी.

"हे तुमी काढलं?"

"हो. फार वर्षं झाली."

आवडी उठून चित्राजवळ गेली, निरखून पाहिलं. "पानी चांगलं उतरलंय," ती म्हणाली आणि परत येऊन बसली. "मी वकिलांच्या घरी गेल्ते. बोलले, माजा गुन्हा काय ते सांगा. ते बोलले, आमच्या नजरंत नव्हतं आलं, प्रमोदिनीबाईंनी दाखवून दिलं."

प्रमोदिनीने पदर सावरला. "हे बघा, मी फक्त देणगीदारांच्या दृष्टीनं—"

"ते राहू द्या. तुमाला भिंत पायजे हुती."

स्वयंपाकघरात मघाशी ठेवलेलं चहाचं आधण उकळून सांडत होतं, तो आवाज दोघींना ऐकू येत होता.

"मग मागायची हुती ना, बाई. पोरगी तुमच्याच घरात जेवते."

"आईने मुलीकडे मागायचं? तिला समजायला नको? तुम्हाला ती शोधत आली, आणि मी घरात असून—"

"मला कोन शोधत आलं?" आवडीला खरंच नवल वाटलं. "त्या रिसॉर्टवाल्याच्या तोंडून ऐकलं की मिलमधी चित्रं काढनार हायेत. मी आपली एस्टीनं गेले. वाचमननं आत सोडली नाय. परत गेले. पुन्यांदा हाकललं. मग फाटकाशी बसूनच राह्यले, तवा तुमची पोरगी गाडीतनं उतरली. तिला बोलले, ही नदी माज्या म्हायेरची हाय, ही भिंत मला दे. ती बोलली, आधी काम दाखव. मागून घेतली मी."

प्रमोदिनीला वाटत होतं, मुलीने डोंगर पालथे घालून हिला हुडकून आणली, आणि शेजारच्या खोलीतली आई तिला दिसली नाही. इतके दिवस ती या एकाच गोष्टीवर जळत होती. आता तीच पायाखालून निघाल्यावर कशावर जळावं तेही तिला कळेना.

ती उठून चहा घेऊन आली. आवडीने बशीत ओतून फुंकर मारली.

"खार सगळेच खातात, बाई," ती म्हणाली. "माजी बारकी भन हाय, बुधी. तिचा हात माज्यापरीस साफ हाय, आख्खी वाडी सांगंल. अंतरानं इचारलं हुतं, आनखी कोन असंल तर घेऊन या, भिंत मोटी हाय. मी बोलले, कोन नाय." तिने बशी खाली ठेवली. "पन मी बुधीचं काडलेलं कुनाला पुसाया नाय लावलं."

हे ती रागाने बोलली असती तर प्रमोदिनीला उत्तर देता आलं असतं. आवडी उठली, चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेली.

अंतरा त्या संध्याकाळी येईपर्यंत प्रमोदिनीने स्वयंपाक केला नाही. मुलगी दारात असतानाच ती म्हणाली, "माशांचं दत्तोपंतांना मी सांगितलं."

अंतराला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे? चुकून?"

"नाही. मला ती भिंत हवी होती म्हणून."

अंतराने बॅग उचलली आणि आपल्या खोलीत गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्यानंतर कितीतरी दिवस घरात मीठ दे, किल्ली कुठे आहे, यापलीकडे बोलणं झालं नाही. मुलीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं प्रमोदिनीला रोज वाटायचं.

ती पुन्हा दत्तोपंतांकडे गेली. या वेळी गुडघेदुखी निघाली नाही. "मी जे बोलले ते कुणाच्या भल्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "पोटात दुखत होतं म्हणून बोलले."

दत्तोपंतांनी झोपाळा थांबवला. असलं कबूल करणारा माणूस त्यांना कोर्टात फारसा भेटला नसावा. "आता मी मंडळींना काय सांगू, प्रमोदिनीबाई? एकदा डोक्यात शिरलं ते शिरलं."

"तुम्ही नका सांगू. मला बैठकीला बोलवा."

बैठकीत ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. वर्गासमोर उभं राहणं वेगळं. तिने आपली चूक सांगितली, आणि पुढे म्हणाली की मासे पुसले तर ते चित्र कळशी-वांग्याचं होईल. तसली चित्रं तिने आयुष्यभर काढून घेतली आहेत, त्यासाठी कोणी मिलपर्यंत येणार नाही. दोघेजण मोबाइलमध्ये बघत होते. एक कारखानदार उठून म्हणाले की मग आमचं नाव फलकावर नको. ते गेले ते गेलेच. पण डॉक्टरांपैकी एकजण लहानपणी त्याच काठावर वाढले होते. ते म्हणाले, "मासे मरायचे हे मी पाहिलंय. खोटं कुठे आहे त्यात?" बराच वेळ वाद झाला, आणि मासे राहिले.

आवडी परत आली. तिने मासे आधीपेक्षा मोठे काढले.

उद्घाटनाला खालापूर, खोपोली, कर्जत, कुठून कुठून माणसं आली. वाडीवरून एक टेंपो भरून बायका आल्या होत्या. हॉलमध्ये शिरणारा प्रत्येकजण त्या भिंतीपाशी आपोआप थांबत होता. एक म्हातारा कामगार मिलच्या चित्रावर बोट ठेवून नातवाला सांगत होता की मी इथे उभा असायचो. प्रमोदिनी मागच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होती. आवडीभोवती फोटोवाल्यांचा घोळका होता, अंतरा तिच्या शेजारी, दोघी हसत होत्या. आपण खरं बोललो, चूक निस्तरली, आता तरी आतलं शांत होईल असं तिला वाटलं होतं. ते काही झालं नाही. उलट चित्र चांगलं होतं, फार चांगलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. आपण काढलेला घाट आणि बायका इथे असत्या तर माणसं 'छान' म्हणून पुढे गेली असती, हे तिला दिसत होतं. हे न दिसतं तर सोपं गेलं असतं.

घरी परतल्यावर अंतरा पाय लांब करून सोफ्यावर बसली. दमली होती, पण मनातून फुलून आली होती. प्रमोदिनी आत गेली, गादीखालचे कागद काढले आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवले.

"मिलच्या नदीकाठच्या पंप हाऊसची आतली भिंत अजून कोरी आहे," ती म्हणाली. "ती मला हवी आहे."

अंतराने आईकडे पाहिलं. मग कागदांकडे. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मऊ झाला. "हे कधीपासून काढतेयस?"

"पेढे वाटले तेव्हापासून."

"आणि मला एकदाही दाखवलं नाहीस."

"तू विचारशील असं वाटलं होतं."

"मला वाटलं होतं, शाळेतून निवृत्त झाल्यावर तुला चित्रांचा कंटाळा आलाय. बाबा गेल्यावर तू ब्रशला हात लावला नव्हतास." अंतरा सरळ बसली, चष्मा चढवला आणि एकेक कागद उचलून बघू लागली. मुलगी आईची चित्रं बघते तसं नाही. साइटवर कंत्राटदाराचं काम बघते तसं. घाट पाहिला, बाजूला ठेवला. बायका पाहिल्या, बाजूला ठेवल्या. डोंगरापाशी जरा रेंगाळली, तोही ठेवला.

"आई, खरं सांगू? यातलं काही चालणार नाही."

प्रमोदिनीने घाटाचा कागद परत जवळ ओढला.

"रेघ सुरेख आहे. पण हे सगळं कॅलेंडरवर बघितलेलं आहे. तू मोहोपाड्याला इतकी वर्षं काढलीस, तुझ्या खिडकीतून कंपनीच्या नळ्या आणि टाक्या दिसायच्या. त्यातलं एक तरी यात आहे का? पुन्हा काढ. पंप हाऊसची भिंत मी पावसाळ्यापर्यंत ठेवते. त्यात जमलं नाही तर दुसऱ्याला देईन."

पोटच्या पोरीने असं तोंडावर सांगावं. प्रमोदिनीने कागद गोळा केले, कडा जुळवल्या. मग तिने विचारलं, "आवडीलाही असंच म्हणाली होतीस?"

"त्यांचा तर पहिला आख्खा नमुना पुसायला लावला होता मी. रिसॉर्टवर काढलं होतं तेच इथे काढलं होतं त्यांनी. चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत."

हे ऐकून प्रमोदिनीला जरा बरं वाटलं. ती कागद घेऊन आत गेली, दिवा लावला, आणि मोहोपाड्याच्या क्वार्टरची खिडकी कुठल्या बाजूला होती ते आठवू लागली.